आल्याची वेळ

पायडल बोटीच्या वहीत पाच रकाने आहेत:
नाव, गाव, माणसं किती,
गेल्याची वेळ, आल्याची वेळ.
पाचवा बहुतेक कोराच.
परत आलेला माणूस थांबत नाही,
त्याचं कणीस निखाऱ्यावर असतं.

मी रुमली. तोरणमाळ. तलावाचा धक्का.
हातात बांबू, बांबूच्या टोकाला आकडी,
तिनं बोटी ओढायच्या, वासरं ओढतात तशा.
दोन नंबरच्या बदकाची मान कलंडली आहे,
पाच नंबरच्या पोटात पाणी झिरपतं,
हे मी तिकीट फाडताना सांगत नाही.

लोक घाट चढून येतात,
कोणी ओकून, कोणी अख्खी शेव संपवून,
आणि विचारतात, इथं करायचं काय?
मी बांबूनंच दाखवते:
तो घोडा. चावत नाही, फक्त खिसे हुंगतो.
तिकडे सीताखाई. हाक मारा, परत येते.
रविवारी मात्र
कुणाची हाक कुणाला मिळेल सांगता येत नाही.
आणि ही बोट. अर्धा तास. जाकीट सक्तीचं.
जाकिटाला आधीच्या माणसाचा वास येतो,
त्याला माझा इलाज नाही.

त्या दिवशी रावेरहून दोन जीपा आल्या.
आडनाव एकच, पण एक आंब्याखाली लागली
आणि दुसरी उन्हात, मुद्दाम.
तोताराम थोरला, वामन धाकटा,
मधे केळीचा मळा आणि एक विहीर,
तीन वर्षं बोलणं बंद.
हे मला पुतळाबाईंनी सांगितलं, जाकिटाची नाडी बांधून घेताना,
आणि सिंधूबाईंनी तेच सांगितलं
दुसरी नाडी बांधून घेताना.
मग दोघी जावांनी मिळून
आपापले नवरे एकाच बदकात ढकलले,
आणि धक्क्यावर बसून शेंगा फोडू लागल्या.

या बोटीचं असं आहे,
पायडल दोघांची, सुकाणू एकच,
तेही मधोमध, दोघांच्या गुडघ्यांना लागून.
ज्याला वळवायचं त्याचा हात
दुसऱ्याच्या गुडघ्याशी जाणार.
म्हणून कोणीच हात लावला नाही.
थोरला जोरात पुढं मारतो,
धाकटा ठरवून मागं.
बदक तिथल्या तिथं गरगर फिरू लागलं,
तेलाच्या घाण्यासारखं.

काठावरची पोरं मोजू लागली. सात, आठ, नऊ.
सुरतेच्या एका बाईनं मोबाइल काढला.
घोडेवाला जुगल्या घोडा विसरून उभा.
मी बांबू सरसावला, पण पोहोचणार कसा?
आमच्या पावरी बोलीत एक शिवी आहे,
ती मी हळूच दिली. दोघांना मिळून, एकच.

तेराव्या फेरीला बदक शेवाळात रुतलं.
तिथं काय झालं ते काठावरून दिसलं नाही,
सूर्य नेमका डोळ्यांवर होता.
एक हात खाली गेला एवढं दिसलं,
कुणाचा ते जावांनाही ओळखू आलं नाही.
बोट मात्र सरळ आली.
वेडीवाकडी सरळ.

उतरले तेव्हा दोघांच्या चपला ओल्या,
दोघांची तोंडं दोन दिशांना.
मी वही पुढं केली. आल्याची वेळ?
थोरला म्हणाला, पाच वीस.
धाकटा म्हणाला, साडेपाच.
थोरला माझ्याकडे बघून म्हणाला,
"बाई, पाच वीसच लिही."
आणि धाकटा, त्याच्याकडे वळून:
"तुह्यं घड्याय पह्यलेपासून मांगं हाय!"
"मह्यं? बापाचं घड्याय हाय ते!"
"मंग बापाचंबी मांगंच व्हतं!"

पुतळाबाईंच्या हातातली शेंग न फोडता राहिली.
सिंधूबाई तलावाकडे बघत बसल्या, अगदी गंभीर.

भांडत भांडत ते कणसांच्या गाडीपर्यंत गेले.
लिंबू कुणी चोळायचं यावरूनही काही चाललं होतं.
संध्याकाळी जीपा आल्या तशाच गेल्या,
एक पुढं, एक मागं,
फक्त मागच्या जीपमधलं एक पोर
पुढच्या जीपमध्ये झोपून गेलं होतं.
जाताना कोणीतरी धक्क्यावर केळीची फणी ठेवली,
अर्धी कच्ची.

मी बोटींना साखळी घातली.
पाचव्या रकान्यात दोन्ही वेळा लिहिल्या,
एकीखाली एक, जागा अपुरी पडली तरी.
ठेकेदार महिन्याला वही तपासतो.
विचारेल, हे काय?
सांगेन, बोट एकच होती, साहेब,
माणसं दोन वेळा आली.